मरणावर पोथी बांधत नाहीत

मरणावर पोथी बांधत नाहीत, हे मला नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत कळलं, आणि तेही इंग्लंडच्या एका राणीचं मुंडकं उडाल्यावर. तोवर मी धुळ्याच्या एका वाचनालयात देवघेव विभागात बसत होते. बसत होते म्हणजे नुसतं म्हणायचं, कारण बसणं हा माझा स्वभावच नाही. सभासद पुस्तक निवडेपर्यंत मी कपाटांमधून तीन चकरा मारून यायची. टेबलाखाली पाय सतत हलायचा, त्यामुळे शेजारच्या टेबलावरच्या भावसारबाईंचा चहा सांडायचा. वाचनालयानं ‘घरी जाऊन वाचन’ अशी नवी सेवा काढली तेव्हा कार्यवाहांनी फार विचार केला नाही. ज्यांची नजर गेली आहे किंवा ज्यांना घराबाहेर पडवत नाही, अशांना पुस्तक मोठ्यानं वाचून दाखवायचं, अशी ती सेवा. तिच्यासाठी एसटीनं हिंडणारं माणूस हवं होतं. कार्यवाह म्हणाले, तुम्हाला तशीही खुर्ची चावते. भावसारबाईंनी त्या दिवशी पेढे वाटले असं मला नंतर कळलं.

मोठ्यानं वाचणं म्हणजे तोंड उघडलं की झालं, असं लोकांना वाटतं. मलाही वाटलं होतं. पहिल्याच महिन्यात घसा बसला तेव्हा समजलं की हाही एक धंदा आहे आणि त्याच्याही खोडी आहेत. ऐकणाऱ्याचा चांगला कान कोणता ते आधी विचारायचं आणि त्या बाजूला बसायचं. नाटक करायचं नाही. राजा बोलला की राजाचा आवाज, दासी बोलली की दासीचा, असं केलं तर म्हाताऱ्या माणसांना हसू येतं. पान उलटायचं ते वाक्य संपल्यावर. आणि ऐकता ऐकता माणसाला झोप लागली तर थांबायचं नाही. आवाज थांबला की ते हमखास जागे होतात आणि ‘मी झोपलो नव्हतो’ म्हणून भांडतात.

आता काय वाचायचं, हा प्रश्न. मी पहिल्या फेरीला पिशवीत कथासंग्रह, प्रवासवर्णनं, संतचरित्रं असं सगळं नेलं. पण लोकांनी उचलून धरल्या त्या इंग्रजांच्या ऐतिहासिक कादंबऱ्या, मराठीत अनुवाद झालेल्या. खऱ्या राजाराण्यांच्या, खऱ्या लढायांच्या, कधीकाळी खरंच होऊन गेलेल्या साध्या माणसांच्या. इंग्रजांनी आपल्याला दीडशे वर्षं छळलं हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल, पण त्यांच्या राण्यांची दुःखं ऐकायला मंडळी पदर सावरून बसायची. याचं कारण मला पुढे कळलं. आपल्या इतिहासातलं पुस्तक वाचायला घेतलं की प्रत्येक पात्र कोणाचा तरी पूर्वज निघतो. एखाद्याला भित्रा म्हटलेलं असलं की समोरचा पुढे ऐकतच नाही. इंग्लंडच्या राजाला मात्र तोंडावर हलकट म्हणता येतं, कोणी मोर्चा आणत नाही. ऐकणाऱ्याचा जीव मोकळा राहतो, आणि मग तो खरोखर ऐकतो.

नावांची तेवढी पंचाईत. इंग्रजांनी सगळा इतिहास पाच-सहा नावांवर भागवला आहे. एका पुस्तकात चार थॉमस, तीन मेऱ्या. आमच्या गल्लीत जसे सुरेश. मग मी वाचताना पदरची विशेषणं लावायची: थोरला थॉमस, लंगडा थॉमस, कारभारी थॉमस. अनुवादकाची क्षमा मागून.

दोंडाईच्याला एक डाळमिलवाले शेठ होते, साखरेनं डोळे गेलेले. त्यांना वेढे आवडायचे. किल्ल्याला वेढा पडला की ते मांडी ठोकून बसायचे आणि विचारायचे, इतक्या घोड्यांना हरभरा कोण पुरवत होतं? मी म्हणायची, शेठ, पुस्तकात नाही दिलेलं. ते खिन्न व्हायचे. लेखकानं कधी व्यापार केला नसणार, असं त्यांचं मत पडायचं आणि त्या लेखकाचं दुसरं पुस्तक ते घेऊ द्यायचे नाहीत. धुळ्यात पाचव्या गल्लीत एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. राजा आणि राणी महालात एकटे पडले की त्या खोकायच्या. खोकला म्हणजे पान सोडायचं, कारण स्वयंपाकघरात सूनबाई असायच्या. सून बाजाराला गेली की म्हणायच्या, आता ते मागचं राहिलेलं वाचून टाका, सलगता जाते.

पण एक प्रश्न सगळ्यांचा एकच असायचा. शिरपूर असो की दोंडाईचा, पान पंचवीस असो की अडीचशे, कधीतरी समोरचं माणूस हात वर करून मला थांबवायचं आणि विचारायचं: हे खरं आहे का? असल्या कादंबऱ्यांच्या शेवटी लेखकाचं एक मनोगत असतं. त्यात तो सांगतो की अमुक माणसं खरी, तमुक मी कल्पिली, हा प्रसंग घडला, तो मी घडवला. काही लोक ते आधीच वाचायला लावतात, म्हणजे कोणावर जीव लावायचा ते ठरवता येतं. मला स्वतःला ते आधी वाचलेलं आवडत नाही. पण मी उतावळी. घरी येताना एसटीत हटकून शेवटची पानं उघडायची आणि मग स्वतःवरच चिडायची.

सेवेला देणगी देणारे गृहस्थ मूळचे धरणगावचे, म्हणून धरणगाव आमच्या यादीत आलं. दर गुरुवारी धुळ्याहून पारोळा, एरंडोल, तिथे गाडी बदलून धरणगाव. तिथे एका कापूसवाल्या शेतकऱ्याच्या घरी अक्का होत्या. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले, अंगानं काटक, आवाज खणखणीत. घरात मुलगा आणि सून वैशाली. अक्का एकट्या ऐकत नसत. शेजारच्या दोन-तीन बायका येऊन बसायच्या आणि दारातल्या खुर्चीवर, आपण ऐकत नाही असं दाखवत, पाटील सर बसायचे. हे निवृत्त शिक्षक. पुढ्यात वर्तमानपत्र, पण पान कधी उलटायचे नाहीत.

मी जायला लागले तेव्हा हंगाम होता आणि पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस भरलेला होता. भाव चढेल म्हणून घरातच ठेवायचा, ही आमच्याकडची पद्धत. दिसायला ढग, पण शेजारी बसलं की अंगाला खाज सुटते. सगळ्याजणी बोलता-बोलता मनगटं, पोटऱ्या खाजवत असायच्या. मीही वाचता-वाचता एका हातानं मान खाजवायची. त्या खोलीत कोणी शांत बसलेलं मी पाहिलं नाही, आणि मला तर ते सासर-माहेर दोन्ही वाटलं.

तर त्या राणीचं मुंडकं. पहिलंच पुस्तक होतं. प्रकरण बरोबर कुऱ्हाड पडते तिथे संपत होतं, मी पुस्तक मिटलं, एरंडोलची गाडी गाठायची म्हणून पिशवी उचलली. अक्कांनी माझा हात धरला.

“बाई, आठे नको थांबू,” त्या म्हणाल्या. “मरनावर पोथी बांधतस नही.”

मी म्हटलं, अक्का, ही पोथी नाही, कादंबरी आहे. त्यांनी हात सोडला नाही. वैशालीनं समजावलं की श्रावणात पोथी लावतात तेव्हा त्या दिवसाचं वाचन कोणाच्या मरणापाशी थांबवायचं नसतं. पुढे वाचत जायचं, जन्म, लग्न, जेवणावळ, पाऊस, काही चांगलं आलं की मग पोथी कापडात बांधायची. नाहीतर पुन्हा पोथी उघडेपर्यंत तो मेलेला माणूस घरातच राहतो. मी पुन्हा बसले. इंग्लंडच्या त्या दरबारात पुढची कित्येक पानं नुसते कट आणि तुरुंग. शेवटी एका सरदाराच्या घोडीला शिंगरू झालं तेव्हा अक्कांनी हात सोडला. माझी गाडी गेली होती. नंतरच्या जीपमध्ये मी ड्रायव्हरशेजारी गिअरला पाय लावून एरंडोलपर्यंत आले.

तेव्हापासून एक नवीन काम लागलं. बुधवारी रात्री पुस्तक चाळून बांधायच्या जागा शोधून ठेवायच्या. हे काम मी आवडीनं केलं, हे सांगायला हवं. चाळीस-एक पानं मोजून त्याच्या आसपास कुठे बारसं आहे, कुठे पाव भाजला जातोय, कुठे हरवलेली मेंढी सापडतेय, हे मी शिंप्यासारखी बोटानं हेरायला लागले. इतर गावांतही नकळत तशाच जागी थांबायची. दोंडाईच्याचे शेठ एकदा म्हणाले, हल्ली तुमची पुस्तकं बरी निघतात.

मग ते पुस्तक आलं. इंग्लंडमधल्या एका लहानशा गावाची ती कादंबरी. साडेतीनशे वर्षांमागची खरी घटना. त्या गावातल्या शिंप्याकडे दूरच्या शहरातून कापडाचा गठ्ठा येतो, दमट असतो म्हणून तो चुलीपाशी वाळत घालतात, आणि कापडातून प्लेग बाहेर पडतो. माणसं पटापट मरायला लागतात. पळून जावं असं सगळ्यांना वाटतं. पण गावचे पाद्री लोकांना गोळा करून सांगतात की आपण पळालो तर आजार आसपासच्या गावांत नेऊ, तेव्हा आपणच आपली शीव बंद करू. आणि लोक ऐकतात. शिवेवर एक धोंडा असतो. त्याच्यातल्या खळग्यांत व्हिनेगर ओतून त्यात पैसे टाकायचे, आणि बाहेरच्या गावांनी धान्य तिथे ठेवून जायचं. कोणी कोणाला शिवायचं नाही.

कापडाच्या गठ्ठ्याचं प्रकरण वाचलं तेव्हा सगळ्याजणींनी एकदम कापसाच्या ढिगाकडे पाहिलं. शेजारची शकुंतला पाय आखडून घेऊन भिंतीकडे सरकली. त्या दिवशी खाजवणंही वाढलं.

या कादंबरीत एक जोडी होती. मुलगी बंद गावातली, मुलगा शेजारच्या गावचा. लग्न ठरलेलं. मधे एक नाला. शीव बंद झाल्यावर दोघं रोज नाल्याच्या दोन काठांवर येऊन उभी राहायची. जवळ यायचं नाही, ओरडायचंही नाही, कारण गावाला कळलं तर बोल लागेल. नुसतं पाहायचं आणि परत जायचं. मग एके दिवशी मुलगी येत नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मुलगा मात्र येत राहतो. बायकांनी पुस्तकाचं नाव केव्हाच सोडून दिलं होतं, त्या त्याला नाल्याचं पुस्तक म्हणायच्या.

माझे मात्र हाल झाले. त्या पुस्तकात बांधायला जागाच नव्हती. दर दोन पानांआड कोणीतरी गेलेलं. एका बाईनं नवरा आणि मुलं एकामागून एक स्वतः ओढत नेऊन पुरली, तेही खरं घडलेलं. मी पानंच्या पानं पुढे जायची आणि एखाद्या कोंबडीनं अंडं घातलं तरी चालेल म्हणून शोधायची. बुधवारी झोप लागायची नाही. धुळ्याचा उन्हाळा सुरू झालेला, पंखा गरम वारा फेकतोय, आणि मी गच्चीवर चकरा मारत विचार करतेय की उद्या त्या गावात चांगलं काय घडेल. गुरुवारी मंडळी संध्याकाळपर्यंत उठायची नाहीत. दोनदा मी धरणगावातच मुक्काम केला.

शकुंतला आणि इतर बायका मुलीचं विचारायच्या: वाचली का, आजारी आहे का. अक्का मुलीचं कधी विचारायच्या नाहीत. मी दारात चपला काढते न काढते तोच त्यांचा प्रश्न यायचा, “तो आज बी ऊना का?” तो मुलगा आजही आला का, एवढंच. आला, असं वाचून दाखवलं की मान हलवायच्या. एका गुरुवारी त्यांनी मला मधेच थांबवलं आणि विचारलं, “हाई खरं शे का बनायेल शे?”

मी मलपृष्ठावर वाचलेलं सांगितलं, की गाव खरं, प्लेग खरा, पाद्री खरे. त्या म्हणाल्या, तो पोऱ्या. नाल्यावर येत होता तो. मी म्हटलं, शेवटी लेखिकेनं लिहिलं असेल, तेव्हा बघू. दारातून पाटील सर वर्तमानपत्र खाली न करता म्हणाले, “कादंबरीवाल्यांना नाल्यावर एक मुलगा उभा करावाच लागतो. नाहीतर पुस्तक कोण वाचेल? ती मेली हे सगळ्या पंचक्रोशीला कळलं असणार. कोण उभं राहतं महिनोन्महिने?”

सर वाईट मनाचे नव्हेत. पण अक्कांचा मनगटावर फिरणारा हात तिथेच थांबला आणि त्या दिवशी पुढे त्यांनी काही विचारलं नाही.

चहा करताना वैशालीनं मला सांगितलं. करोनाच्या दुसऱ्या लाटेत आबांना, म्हणजे अक्कांच्या यजमानांना, जळगावच्या एका मोठ्या दवाखान्यात ठेवलं होतं. आत कोणाला सोडत नव्हते. आबा खाण्याचे भारी नखरेल, घरच्या कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या भाकरीशिवाय आणि ठेच्याशिवाय घास उतरायचा नाही. अक्कांना तेव्हा थोडं दिसत होतं. पुतण्याच्या भाजीच्या टेम्पोला पास होता. रोज पहाटे उठून त्या भाकरी करायच्या, टेम्पोत बसून जळगावला जायच्या, फाटकावरच्या माणसाकडे डबा द्यायच्या आणि समोरच्या कडुलिंबाखाली बसून राहायच्या. संध्याकाळी रिकामा डबा परत मिळायचा. डबा रिकामा म्हणजे आबा जेवले. आणि मग एके दिवशी समजलं की आबा कधीच गेले होते. दवाखान्यातून निरोप भलत्याच नंबरावर गेला होता. अंत्यसंस्कारही दवाखान्यानंच उरकले होते. तरी अक्का डबा नेत होत्या आणि डबा रिकामा येत होता.

“डबा कोणी खाल्ला याचं त्यांना काही नाही, ताई,” वैशाली म्हणाली. “म्हणतात, कोणीतरी भुकेला असेल. पण पुढे एका बारशात एक बाई कळवळून बोलली, मेलेल्याला भाकरी घालत होती बिचारी. ते अक्कांनी ऐकलं. त्यानंतर या घरात कळण्याची भाकरी झाली नाही. स्वतःला येडी म्हणतात.”

मला तेव्हा समजलं की अक्कांना त्या इंग्रज मुलाचं काय पडलं होतं. तो खरा असेल तर रिकाम्या काठावर उभं राहणाऱ्या त्या एकट्या नव्हत्या. तो बनवलेला असेल तर पाटील सर म्हणतात तेच बरोबर, असं कोणी करत नाही, एखादी येडी सोडली तर.

बांधायच्या जागा शोधण्याच्या नादात या पुस्तकाची शेवटची पानं उघडायची राहूनच गेली होती. परतीच्या गाडीत मी मनोगत उघडलं. लेखिका प्रामाणिक निघाली. तिनं लिहिलं होतं की ती मुलगी खरी, तिच्या मरणाची नोंद चर्चमध्ये आहे. मुलाची गोष्ट मात्र तिथे पिढ्यानपिढ्या तोंडीच सांगितली जाते. ती कागदावर आली ती फार उशिरा. त्याच्या येण्याचा पुरावा कुठेही नाही. वाचकांनी ती हवी तर दंतकथा समजावी.

पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा मी उतरून स्टँडवर येरझारा घालत होते. कंडक्टरनं दोनदा हाका मारल्या. मला त्या लेखिकेचा राग आला, एवढा खरेपणा कोणी मागितला होता. मग वैशालीचा फोन आला. ती म्हणाली, ते शेवटचं पान मी वाचलंय मागच्या वेळी, तुम्ही आत हात धुवायला गेलात तेव्हा. तेवढं सोडा ना. पुस्तक संपलं म्हणा. त्यांना दिसत नाही, कळणार नाही.

त्यांना दिसत नाही, म्हणूनच सोडता येत नव्हतं. आमच्या धंद्यात दुसरा काही नियमच नाही. पाचव्या गल्लीतल्या बाईंनी खोकून सोडायला लावलेलं पानसुद्धा नंतर वाचलं जायचं. ऐकणाऱ्याचे डोळे आपल्याकडे गहाण असतात, त्यांना न विचारता पान गाळलं तर ती चोरी. हे सगळं मी वैशालीला ऐकवलं, जरा तोऱ्यातच. फोन ठेवल्यावर मात्र तोरा उतरला. तो आठवडा फार वाईट गेला. देवघेवीच्या टेबलावर मी दोन सभासदांना एकमेकांची पुस्तकं दिली. अनुवादकाला फोन करावा, कुठे दुसरा काही पुरावा मिळतो का विचारावं, असंही मनात येऊन गेलं. शेवटी कोणालाच काही विचारलं नाही.

त्या गुरुवारी गेले तर पुढची खोली रिकामी. कापूस विकला गेला होता. भिंती उघड्या पडल्या होत्या आणि माझा आवाज घुमत होता. खाज नव्हती, तरी सगळ्याजणी सवयीनं हात चोळत होत्या. पाटील सर दारात. वैशाली माझ्याकडे न बघता उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसली.

मी वाचलं. हिवाळा तोंडावर येतो, प्लेग थांबतो, शीव उघडते. सगळ्यांत आधी नाला ओलांडून येतो तो तोच मुलगा. गल्ल्यांमध्ये गुडघाभर गवत. मुलीच्या घराचं दार सताड उघडं, चुलीपाशीही गवत उगवलेलं. एक लहान पोर त्याला सांगतं की ती वसंतातच गेली, किती तरी आधी. कादंबरी तिथे संपते.

 शकुंतला पदरानं नाक पुसत होती. मी मनोगताचं पान काढलं, आणि माझा पाय हलायचा थांबला होता हे मला आठवतं. मी अक्कांना म्हटलं, शेवटी लेखिकेनं खरंखोटं काय ते लिहिलंय, वाचू का? त्यांनी मान हलवली. मी एक शब्द न गाळता वाचलं. मुलीची नोंद आहे. मुलाची नाही. पुरावा नाही. दंतकथा.

पाटील सर यावेळी काही बोलले नाहीत, याबद्दल मी त्यांना कायम दुवा देईन. वैशालीचा हात ताटात थांबला होता. अक्कांनी त्या रिकाम्या भिंतीकडे तोंड वळवलं. मग म्हणाल्या, “तोंडी सांगतस ना? मंग कोनी तरी दखं व्हई त्याले. दखाशिवाय कोन कसाले सांगी?”

पाहिल्याशिवाय कोण कशाला सांगेल. मी हो म्हटलं.

“मनं तरी कोठे लिखेल शे?” अक्का म्हणाल्या. “त्या दवाखानानी वहीमा मनं नाव शे का? नही ना. पन मी जात व्हतू, बाई. रोज जात व्हतू.”

आपलंही कुठे लिहिलेलं नाही, तरी आपण जात होतो, हे त्यांनी रडून सांगितलं नाही. एखाद्याला ठणकावून आपलं शेत दाखवावं तसं सांगितलं. रडले ते आम्ही बाकीचे, आणि दारात पाटील सरांनी वर्तमानपत्र इतकं वर धरलं की तोंड दिसेना.

मला गाडी होती. पिशवीत पुस्तक घालायला गेले आणि अक्कांचा हात नेहमीसारखा माझ्या मनगटावर आला. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की आपण मरणावर थांबलो आहोत, आणि पुढे आता पानच नाही. उरलं ते मलपृष्ठ तेवढं. मी म्हटलं, अक्का, संपलं पुस्तक, आता कुठे बांधू?

“पोथी सरनी की परत पह्यला अध्याय लावतस,” त्या म्हणाल्या. “पह्यलं पान काढ.”

मी पहिलं पान काढलं. त्या पानावर अजून कापडाचा गठ्ठा आलेला नाही. उन्हाचा दिवस आहे, ती मुलगी नाल्यात पाय सोडून बसली आहे आणि तिचा एक जोडा पाण्यात वाहून चालला आहे. ती ओरडते. पलीकडच्या काठानं एक अनोळखी मुलगा मेंढ्या सोडून धावत सुटतो, घसरतो, कंबरेपर्यंत भिजतो, आणि जोडा डोक्यावर उंच धरून उभा राहतो. ती हसायला लागते.

“आते बांध,” अक्का म्हणाल्या.